दगड जुनाच असतो

न्यू मेक्सिकोतल्या सांता फे गावच्या प्लाझाला, म्हणजे मधल्या चौकाला, लागून उत्तरेकडे पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स नावाची बुटकी मातीची इमारत आहे, १६१० सालापासूनची, आणि तिच्या लांबलचक ओसरीत रोज सकाळी आसपासच्या प्वेब्लोंमधले (प्वेब्लो म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची गावं आणि त्यातली माणसंही), नावाहो जमातीतले कारागीर भिंतीला पाठ लावून, पुढ्यात कापड अंथरून बसतात. चांदी, फिरोजा, छोटी भांडी, कानातले. डिसेंबरचं ऊन तिरकं येतं आणि ओसरीत पडलेला उन्हाचा पट्टा जसा सरकतो तशी गिऱ्हाइकंही सरकतात, कारण सावलीत पाय गारठतात. तिथे एका वयस्क गृहस्थांच्या कापडावर चांदीत अडकवलेली एक काळी अ‍ॅरोहेड, म्हणजे बाणाचं दगडी टोक, होती, अंगठ्याच्या नखाएवढी, कडेला इतकी पातळ की उन्हाकडे धरली तर काळ्याचा धुरकट तपकिरी होऊन उजेड आरपार यायचा. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच. मी ती हातात घेऊन विचारलं, ही खरंच जुनी आहे का हो? ते हसले आणि म्हणाले, "दगड जुनाच असतो. काम माझंय, मागच्या आठवड्यातलं." शेजारच्या कापडामागे बसलेल्या बाईपण हसल्या. मीही हसले, दोन-चार इकडचं तिकडचं बोलले आणि काही न घेता पुढे सरकले.

घरी येताना गाडीत मात्र ते वाक्य पाठ सोडेना. त्यात टोमणा होता असं नाही, बोलणं अगदी मऊ होतं. पण मी विचारलं होतं काय? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ही टोकं घडवली त्यांच्यातल्याच एका माणसासमोर उभी राहून मी विचारत होते की हे खरं आहे का, आणि "खरं" म्हणजे माझ्या डोक्यात काय होतं तर मेलेल्या माणसाच्या हातचं. जिवंत माणसाच्या हातचं असेल तर मग ते शोपीस. हे असं आपल्या डोक्यात कधी बसतं कोण जाणे. इकडे पर्यटकांसाठीची सगळी भाषाच तशी आहे, "लुप्त झालेले लोक", "गूढ अवशेष" वगैरे. लुप्त कुठले? एकट्या न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो आहेत, नांदती गावं, शिवाय अ‍ॅरिझोनात होपी. १२७६ ते १२९९ एवढा मोठा दुष्काळ पडला (झाडांच्या वर्तुळांवरून तो वर्षांच्या हिशोबात काढलाय), तेव्हा फोर कॉर्नर्सकडची, म्हणजे चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथली, कड्याकपारीतली घरं सोडून ही माणसं रिओ ग्रांदच्या काठी, झुनीकडे, होपींच्या पठारांकडे गेली. दुष्काळात गाव सोडणं म्हणजे लुप्त होणं असेल तर मग आपल्याकडे अर्धा मराठवाडा कितीतरी वेळा लुप्त झालाय.

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारचे आजोबा गेले आणि त्यांचं घर रिकामं करायला त्यांची मुलगी डेन्वरहून आली. मला अंगणात दगड मांडायची सवय आहे, ती तिने कुंपणावरून पाहिली असावी. एक दिवस दारात उभी, हातात सिगारचा जुना लाकडी डबा. "बाबांचा आहे. तुला यातलं कळतं ना? कुठले आहेत, केवढे जुने आहेत, सांगशील?" यातलं कळतं म्हणजे काय, हौस आहे, पुस्तकं वाचलीत, म्युझियमच्या काचांना नाक लावून उभं राहिलेय. पण नाही म्हणायला तोंड उघडायच्या आत मी डबा उघडला होता. आत पिवळट पडलेला कापूस आणि त्यावर टोकंच टोकं. काळी, पांढरी, गुलाबी, मधाच्या रंगाची. काही छोट्या पाकिटांत. पाकिटांवर काही लिहिलंय का म्हणून आधी तेच बघितलं, तर बहुतेक कोरी, आणि एकावर पेन्सिलीने, "क्यूबाच्या पुढे, कुंपणाजवळ". हे क्यूबा म्हणजे तो देश नव्हे, चाको कॅन्यनला, प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांच्या मोठ्या जुन्या वस्तीकडे, जाताना वाटेत लागतं ते गाव. कुठलं कुंपण, कुणाचं कुंपण, ते आजोबांबरोबर गेलं.

मग जेवायच्या टेबलावर पांढरं कापड, दिवा, भिंग, आणि नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतला व्हर्नियर कॅलिपर. नवरा म्हणाला, हे काय, सोनाराचं दुकान टाकलंस का.

ओळखायला बसलं की सगळ्यात आधी एक गोष्ट पचवावी लागते, की आपण ज्याला सरसकट अ‍ॅरोहेड म्हणतो त्यातलं बरंचसं बाणाचं नसतंच. धनुष्य या भागात आलंय उशिरा, साधारण इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास. त्याआधी हजारो वर्षं लोक अ‍ॅटलॅटल वापरायचे, म्हणजे हातभर लांबीची एक काठी, तिच्या टोकाला खुंटी, त्या खुंटीत लांब बर्चीचं बूड अडकवायचं आणि झटक्यात फेकायचं. त्या बर्चीची दांडी जाड, म्हणून तिचं टोकही मोठं आणि मान रुंद. बाणाची काडी बारीक, म्हणून मान अरुंद. हौशी माणूस टोकाची लांबी बघतो, जाणकार मान मोजतो, दोन खाचांच्या मधली जागा, कारण टोक झिजतं, मोडतं, पुन्हा धार लावताना आखूड होतं, पण मान दांडीत बांधलेली असते, ती तशीच राहते. एक सेंटिमीटरच्या आत मान असेल तर बहुधा बाण, त्याहून चांगलीच रुंद असेल तर बर्ची, किंवा मग चक्क सुरी. डब्यातला सगळ्यात रुबाबदार नग, गडद राखाडी, मोठा, रुंद देठाचा, ज्याकडे बघून कुणीही म्हणेल की हाच खरा, तो धनुष्याच्या कितीतरी आधीचा निघाला. त्याच्या बुडाच्या कडेवरून बोट फिरवलं तर धार लागत नाही, मुद्दाम घासून बोथट केलेली आहे, बांधलेली तात कापली जाऊ नये म्हणून. प्वेब्लो लोकांनी दगडमातीची घरं बांधायच्या कितीतरी पिढ्या आधी कुणीतरी बसून ती कड घासली. आणि उलट, सगळ्यात चिमुकले नग, ज्यांना इकडचे म्हातारे हौशे "पक्ष्यांसाठीचे" म्हणतात, ते पक्ष्यांसाठी वगैरे काही नाहीत. तेवढ्याशा टोकाने हरीण पडतं. बाणाला जोर धनुष्य देतं, टोकाने फक्त वाट करून द्यायची.

मग खाचा. खाचा म्हणजे तात गुंडाळायच्या जागा, आणि त्यांच्यावरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. सुरुवातीच्या बाणांना खाचा कोपऱ्यातून आत घेतलेल्या, त्यामुळे खांदे खाली ओघळून त्यांचे काटे होतात, बूड पसरट. चाकोच्या भरभराटीच्या काळात, अकराव्या शतकापासून पुढे, हळूहळू खाचा बाजूने, बुडाच्या थोड्या वर, आडव्या घ्यायला लागले आणि बूड सरळ झालं, आणि पुढे तीच पद्धत सगळीकडे पसरली. पण हे घड्याळ नाही. एका बाजूला नवी पद्धत येत असताना दुसऱ्या खोऱ्यात कुणीतरी म्हातारा आपल्या जुन्या पद्धतीनेच घडवत बसला असणार, म्हातारे तसेच असतात. शिवाय जागेप्रमाणे तऱ्हा वेगळ्या. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्येला, कायेंटाच्या बाजूला, खाच नसलेली, बूड आत वळलेली लांबट त्रिकोणी टोकं. दक्षिणेला, आताच्या फीनिक्सच्या आसपास, होहोकाम लोकांची टोकं तर बघत राहावीत, लांब सडपातळ आणि कडा दातेरी, एकेक दात वेगळा काढलेला, दगडावर कुणी एवढा जीव का टाकावा असं वाटायला लावणारी. ते प्वेब्लो नव्हेत, पण दुकानात आणि डब्यात सगळेच एका नावाखाली येतात. आजोबांच्या डब्यात साधे त्रिकोणही होते, खाचा नसलेले, आणि त्यांनी मला सगळ्यात जास्त छळलं. हा पुरा झालेला बाण आहे की खाचा घ्यायच्या आधीच कुणी हाक मारली म्हणून बाजूला ठेवलेला?

एका छोट्या पांढऱ्या टोकापाशी मी एक अख्खी संध्याकाळ बसले. शेंडा मोडलेला, पण सरळ तुटलेला नाही, शेंड्यापासून खाली अंगावर एक लांबट टवका गेलेला. हातातून पडून असं होत नाही. वेगाने जाऊन समोर काहीतरी कठीण लागलं, हाड किंवा खडक, तर जोर मागे येतो आणि असा टवका उडतो. म्हणजे हा बाण सुटला होता. लागला की हुकला ते माहीत नाही, पण सुटला होता. दुसऱ्या एका पाकिटात नुसतं बूड, वरचा भाग गायब. ते बघून आधी वाटलं, हे कशाला ठेवलं आजोबांनी. पण बुडं बहुतेक वस्तीवर सापडतात, कारण टोक मोडलं तरी काडी कुणी टाकून देत नाही, पोकळ बोरूची सरळ काडी, पुढे कठीण लाकडाचा तुकडा, पिसं, एवढा खटाटोप केलेला असतो, ती घरी आणायची, राळ गरम करून तुटकं बूड सोडवायचं, तिथेच टाकायचं आणि नवीन टोक बसवायचं. म्हणजे ज्या कुंपणाजवळ ते बूड सापडलं, तिथे कदाचित कुणाचं तरी अंगण होतं. ते कुंपण माहीत असतं तर!

दगडाकडे बघायला लागलं की मामला अजून रंगतो. चाकोत चांगला दगड फारसा नाही, आणि तरी तिथे सापडणारी टोकं सुंदर दगडांची आहेत. पश्चिमेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर चुस्का डोंगर, तिथल्या नार्बोना खिंडीतला चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड, गुलाबी-केशरी, पहाटेच्या रंगाचा. पूर्वेला हेमेस डोंगरातलं ऑब्सिडियन. त्याच हेमेसच्या उत्तर टोकाला पेडर्नाल नावाचा सपाट माथ्याचा डोंगर, जो चित्रकार जॉर्जिया ओकीफने पुन्हा पुन्हा रंगवला, त्याच्या अंगाखांद्यावरचा दुधी चर्ट, मधेच लाल-पिवळे ढग असलेला. ऑब्सिडियनचं तर बरंय, एक्स-रे फ्लुरोसन्सच्या मशीनखाली धरलं की रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम किती ते कळतं आणि त्यावरून ते कुठल्या लाव्हाचं आहे ते कळतं, दगडाला ओरखडाही न काढता. चर्टचं तसं नाही. केशरी दिसला म्हणून नार्बोनाचाच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी माझ्या चिठ्ठीवर "बहुधा" लिहिलं आणि तो "बहुधा" बराच वेळ बघत बसले.

मधे मला खुमखुमी आली आणि मी दगड घडवायच्या एका शनिवारच्या शिबिराला गेले. गॉगल, मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात नदीचा गोटा. गोट्याने मारलं की ऑब्सिडियनचा आवाज काचेचा येतो, आणि खाली पडलेल्या कपचीच्या पोटात शिंपल्यासारख्या लाटा उमटतात, जिथे घाव बसला तिथून पसरत गेलेल्या. ते सोपं. खरं काम पुढे, हरणाच्या शिंगाच्या टोकाने कडेवर दाब द्यायचा, मारायचं नाही, नुसतं दाबत जायचं आणि शेवटी मनगटाला किंचित हिसका, की खालून बारीक कपची सुटते. एक सोडली की शेजारची, ती सोडली की तिच्या शेजारची, आणि कड नागमोडी व्हायला लागते. करंजीला मुरड घालताना बोटांना जी लय लागते ना, तीच. माझ्या आत्याच्या हाताला ती अशी होती की बोलत बोलत, आमच्यावर ओरडत ओरडत ती मुरड घालायची, आणि एकही करंजी तेलात उकलायची नाही. माझं टोक खाच घेताना मधोमध मोडलं. शिकवणारा म्हणाला, सगळ्यांची इथेच मोडतात, तेव्हाही इथेच मोडायची. अंगठा कापला होता आणि मला ते कळलंही नव्हतं, ऑब्सिडियनची धार इतकी बारीक असते की आधी रक्त दिसतं, मग दुखतं.

त्या दिवसापासून डब्यातला एक नग मला खुपायला लागला.

तो सगळ्यात देखणा होता. लांब, अर्धपारदर्शक, मधाळ तांबूस अकीक, दोन्ही बाजू सारख्या, एक ओरखडा नाही, वाळवंटात पडलेल्या दगडाच्या खालच्या अंगाला चुन्याचा जो पांढरा पापुद्रा धरतो त्याचा मागमूस नाही, कपच्यांच्या मधल्या धारा अजून बोटाला लागतात. आणि एका बाजूला मधोमध छोटासा सपाट तुकडा, आरशासारखा. तो तसा सपाट कधी होतो? दगड करवतीने पट्टीत कापून घेतला असेल तर. म्हणजे हल्लीचा. इकडच्या हायवेवरच्या दुकानांमधे बरणीत अशी टोकं मूठमूठभर मिळतात, आणि एकदा मी एका पिशवीमागचं लेबल वाचलं तर "मेड इन इंडिया". दुकानात एकटीच खो खो हसले. खंबायतला अकिकाचं काम किती जुनं आहे ते आपल्याला माहीतच आहे, पण बघण्यासारखी तिथली रीत आहे. कारागीर जमिनीत लोखंडी टोकदार खुंटी पुरतो, दगड त्या खुंटीच्या टोकावर टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारतो, कपची खुंटीच्या बाजूने उडते. त्याआधी दगड मडक्यांमधे घालून भाजून घेतात, त्याने रंग खुलतो आणि तोडायलाही सोपा जातो. इकडचे जुने लोकही चर्ट भाजून घ्यायचे, भाजलेल्या चर्टला मेणासारखी तकाकी येते. म्हणजे हात तेच करतात. तिकडे कुणीतरी दिवसाला ढीगभर अ‍ॅरोहेड्स पाडतो, ज्या बाणाला कधीच लागायच्या नाहीत, आणि त्या सात समुद्र ओलांडून न्यू मेक्सिकोच्या पेट्रोल पंपावर विकायला येतात. त्याला खोटं म्हणायचं का? त्या माणसाने तर कुणाला फसवलं नाही, त्याने दगड घडवला.

मी मूळची शिरूरची. घोड नदीच्या काठचं इनामगाव आमच्याच तालुक्यातलं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे खोदकाम केलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लेकरं निघाली. आणि कॅल्सेडोनीची पाती, ढिगांनी. शाळेत एकदा सरांनी तसली दोन पाती टेबलावर ठेवली होती, नखाएवढी रुंद, दोन्ही कडा समांतर, दुधी काचेची वाटणारी. आम्ही म्हटलं, सर, असल्या गारगोट्या तर आमच्या बांधावर पडल्यात. सर म्हणाले, पडल्यातच. मग पुढचे काही दिवस अख्ख्या वर्गाचे खिसे दगडांनी फाटले. आमच्यापैकी एकाच्याही मनात तेव्हा आलं नाही की ती लेकरं आपली कुणी असतील. पाठ्यपुस्तकात "जोर्वे संस्कृतीचे लोक" असं होतं, आणि संस्कृतीचे लोक म्हणजे कुणीतरी तिसरेच. होपी, झुनी, आकोमा इथली माणसं चाकोबद्दल, मेसा व्हर्देच्या कड्यातल्या घरांबद्दल बोलतात ते "आम्ही तिथे राहत होतो" असं बोलतात. आम्ही. मला याचा हेवा वाटतो, आणि हेवा वाटतो याचं जरा हसूही येतं, कारण त्या "आम्ही" पायी त्यांनी काय काय सोसलंय ते मला पुस्तकातूनच माहीत आहे.

गंमत म्हणजे ही जुनी टोकं उचलायची हौस त्यांनाही होती आणि आहे. प्वेब्लोंच्या जुन्या खोल्यांमधे खोदताना कधीकधी हजारो वर्षं आधीची, बर्चीच्या काळातली टोकं सापडतात. म्हणजे बाराव्या शतकातल्या कुणाला तरी शेताकडे जाताना ते दिसलं, त्याने वाकून उचललं, घरी आणून ठेवलं. झुनींच्या छोट्या दगडी प्राण्यांच्या पाठीवर टोक बांधलेलं असतं, रक्षणासाठी. काही प्वेब्लोंमधे या टोकांचं नातं विजेशी सांगतात. त्यांना मान मोजायची गरज पडत नाही. त्यांची ओळखायची रीत वेगळी आहे आणि तिच्यातलं मला कळतं तेवढंच मी बोलावं हे बरं.

पण मी उचलत नाही. चाकोला प्वेब्लो बोनितो नावाच्या जुन्या भल्यामोठ्या वाड्याच्या मागून जाणाऱ्या वाटेवर पायाशी कपच्या पडलेल्या असतात, आणि पाऊस पडून गेल्यावर तर त्या अशा चमकतात की मान आपोआप खाली जाते. नॅशनल पार्कात काडीही हलवायची नाही हा कायदा आहेच. सरकारी जमिनीवरच्या जुन्या वस्तूंचे कायदे १९०६ पासून आहेत, मग १९७९ चा मोठा कायदा आला, त्यावर सही करणारे जिमी कार्टर स्वतः अ‍ॅरोहेड्स गोळा करणारे, आणि त्या कायद्यात जमिनीवर पडलेली अ‍ॅरोहेड उचलली तर त्यातल्या शिक्षेतून सूट ठेवलीय, पण बाकीचे नियम आडवे येतातच. म्हणजे वकिलांची सोय. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर मात्र पडलेलं टोक उचललेलं चालतं. माझं कारण कायद्याचं नाही, फोल्समचं आहे. १९०८ च्या पुरानंतर न्यू मेक्सिकोच्या ईशान्य कोपऱ्यात जॉर्ज मॅकजंकिन नावाच्या कृष्णवर्णीय गुराख्याला ओढ्याच्या कडेला प्रचंड हाडं दिसली. गुलामीत जन्मलेला माणूस, दांडगं वाचन, ही साध्या गव्याची हाडं नाहीत हे त्याला कळलं, तो सांगत राहिला, कुणी आलं नाही, १९२२ मधे तो वारला. १९२६ मधे खोदायला लोक आले, हाडांबरोबर दगडी टोकंही निघाली, पण सुटी निघाली, आणि मोठमोठे विद्वान म्हणाले, वरून पडली असतील. १९२७ मधे बरगड्यांच्या मधे रुतलेलं एक टोक दिसलं, तेव्हा मात्र हात न लावता सगळं जागच्या जागी ठेवलं आणि तारा केल्या, या आणि डोळ्यांनी बघा. आले, पाहिलं, आणि अमेरिकेत माणूस कधीपासून आहे याचा हिशोब एका झटक्यात हजारो वर्षं मागे गेला. टोक आधीच्या वर्षीही तसलंच होतं. फरक फक्त एवढाच की हे उचललं नव्हतं.

पेट्रिफाइड फॉरेस्ट पार्कात याची उलटी बाजू बघायला मिळते. लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात, मग घरी कुणाची नोकरी जाते, कुणाचं लग्न मोडतं, आणि माफीची पत्रं लिहून तुकडे पोस्टाने परत पाठवतात. पार्कवाले ते परत जंगलात ठेवू शकत नाहीत, कारण कुठून उचलले ते कुणालाच माहीत नाही, उगाच कुठेही टाकले तर पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल व्हायची. म्हणून आतल्या एका रस्त्याच्या कडेला त्या परत आलेल्या दगडांचा नुसता ढीग आहे. आजोबांचा डबा बघताना मला तो ढीग आठवत होता. आजोबांवर रागावू तरी कशी, भला माणूस, आमच्या कुत्र्याला रोज बिस्कीट देणारा. त्यांनी सगळं मालकाला विचारूनच उचललं असणार. पण तीस-चाळीस जागांवरच्या तीस-चाळीस गोष्टी एका कापसावर आणून ठेवल्या, आणि आता माझ्या चिठ्ठ्यांवर पहिले दोन रकाने भरतात, दगड कसला, आकार कसला, आणि तिसरा, कुठे मिळालं, तो कोरा. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला. भिंगाखाली एकेक कपची उलगडताना जेवणाची शुद्ध नव्हती. आजोबांनाही तसाच झाला असेल.

मुलगी पुन्हा आली तेव्हा मी तिला सगळं मांडून दाखवलं. ही बर्चीची, हे बाण, हे सुरी असावं, हा सुटलेला. मालकाला विचारून उचललेलं असेल तर विकायला कुणी अडवणार नाही, पण जागा माहीत नाही म्हणून बहुतेक म्युझियमं घ्यायला का-कू करतील, आणि त्याआधी झुनी, होपी यांची सांस्कृतिक वारशाची ऑफिसं आहेत, तिथे विचारून तरी बघा. भाऊ विकायचं म्हणतोय, ती म्हणाली, ऑनलाइन भाव बघतोय तो. आमचं ठरत नाहीये. मग तिने त्या तांबूस अकिकाकडे बोट केलं, आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण आता सांगायला लागणार. मी करवतीचा सपाट डाग दाखवला, भिंग तिच्या हातात दिलं, खंबायतचं की अजून कुठलं ते माहीत नाही, पण जुनं नाही, म्हटलं.

"हो, ते माहितीये मला," ती म्हणाली. "गॅलपच्या अलीकडे रस्त्यावर एक दुकान होतं, पिवळ्या पाटीचं. आमच्या गाडीचा रेडिएटर तापला म्हणून थांबलो होतो. मी सात वर्षांची होते, भाऊ गाडीत झोपलेला. बरणीतून मी स्वतः निवडलं, पंचाहत्तर सेंट, आणि रात्री बाबांच्या डब्यात गुपचूप ठेवून दिलं, त्यांना वाटावं की त्यांनाच सापडलंय म्हणून. ते कधीच काही बोलले नाहीत." मग तिने ते कापसावरून उचललं, पर्समधे टाकलं, आणि बाकीच्या डब्याचं झाकण लावता लावता विचारलं की होपींच्या ऑफिसचा नंबर मी तिला फोनवर पाठवू शकते का.